कोणाला सांगूं नका

2024 सालच्या श्रावणांत आम्ही पावणेतीन तास अटकेंत होतों. ही गोष्ट आमच्या महाविद्यालयांत अद्याप कोणास ठाऊक नाहीं, आणि ज्या गृहस्थानें आम्हांस अटक केली त्याचें खरें नांव आम्हांसही ठाऊक नाहीं. कोठडी म्हणून आमचीच अभ्यासिका मुक्रर झाली होती. समोरच्या टेबलावर शब्दकोशाला टेकून आमचा मोबाईल उभा होता, आणि त्या वीतभर कांचेंतून एक खाकी पोशाखांतला मनुष्य आमच्यावर पहारा करीत होता. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर राजमुद्रा होती, टेबलावर फायलींची चळत होती, आणि मधूनमधून कोठूनसा बिनतारी यंत्राचा खरखराट ऐकूं येत होता. इयागोनें ऑथेल्लोचें मन कसें नासविलें हें आम्ही सत्तावीस वर्षें यवतमाळच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगत आलों आहों. त्या व्यासंगाचा त्या दुपारीं आम्हांस काडीइतकाही उपयोग झाला नाहीं.

आरंभ अगदीं क्षुल्लक होता. सौभाग्यवती अमरावतीला बहिणीकडे गेल्या होत्या. मधल्या खोलींत आईचा डोळा लागला होता. बाहेर पावसाची झड लागली होती. फोन वाजला, आणि आमच्या नांवावर घेतलेल्या दुसऱ्या एका क्रमांकावरून गुन्हे घडले असून दोन तासांत आमचे सर्व क्रमांक बंद होतील, असें एका यांत्रिक आवाजानें हिंदींत सांगितलें. पुढें एक मनुष्य बोलूं लागला. त्यानें दुसऱ्याकडे दिलें, दुसऱ्यानें तिसऱ्याकडे. आणि दर पायरीला हुद्दा वाढत गेला. तिसऱ्याला आमच्या आधारपत्राचा क्रमांक तोंडपाठ होता. आमच्या नांवाचें एक खातें काळ्या पैशाच्या व्यवहारांत सांपडलें आहे. 1 जुलैपासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. त्यांअन्वयें तुम्हांस ‘डिजिटल अटक’ करण्यांत येत आहे. दार लावून घ्या, कॅमेऱ्यापुढून हलूं नका, असें तो म्हणाला. आणि मग तें वाक्य आलें : ‘विषय गुप्ततेचा आहे. घरांत कोणाला सांगूं नका. सांगितलेंत तर त्यांनाही आंत घ्यावें लागेल.’

आम्हीं कोणाला सांगितलें नाहीं. इतके आज्ञाधारक आम्ही शाळेंतही नव्हतों. प्रथम ‘पडताळणीसाठीं’ म्हणून अठ्ठेचाळीस हजार रुपये त्यानें सांगितलेल्या खात्यांत पाठविले. पडताळणी झाली कीं ते परत येणार होते. मग मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं ठेवलेली अकरा लाखांची मुदत ठेव मोडण्याचा हुकूम झाला. त्यासाठीं बँकेचें पान आम्हीं उघडलें, आणि इतक्यांत दारावर थाप पडली. ‘उघडूं नका,’ खाकी मनुष्य म्हणाला. परंतु आमच्या मातोश्रींचें वय तेव्हां चौऱ्यांशी होतें आणि दार ठोठावण्याच्या बाबतींत त्यांनीं आयुष्यांत कोणाची परवानगी घेतलेली नाहीं. कडी जुनी होती. दोन धक्क्यांत निघाली.

‘बाबू, तुयं तोंड असं काहून झालं रे?’ असें म्हणत आई आंत आली. तिनें आमच्याकडे पाहिलें, मोबाईलकडे पाहिलें, आणि स्टूल ओढून त्या खाकी मनुष्यासमोर बसली. ‘कोन्या गावचा हायेस तू?’ तिनें विचारलें. तो खवळला, बाईला बाहेर काढा म्हणाला. ‘पोलीस घरी येतेत तं पाटलाले संगं घेऊन येतेत. असे पेटीत बसून नाई येत. तुया बापाचं नाव काय?’ त्यानें धमकी दिली. तिनें बापाचें नांव पुन्हां विचारलें. तिसऱ्या वेळीं ती कांच काळी झाली. त्या धंद्यांत शिरल्यापासून त्या माणसाला त्याच्या बापाचें नांव कोणीं विचारलें नसावें, असा आमचा तर्क आहे.

पुढें आम्हीं कायद्याचीं पुस्तकें उघडून पाहिलीं. पुस्तकें उघडावयास आम्ही नेहमींच थोडे उशिरां जातों. ज्या नव्या कायद्याची त्यानें आम्हांस धमकी दिली होती तो, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, खरोखरच 1 जुलै 2024 रोजीं अमलांत आला होता. त्याच्या 36 व्या कलमांत असें आहे कीं, अटकेचें टांचण करावें व त्यावर घरच्या एखाद्या माणसाची किंवा त्या वस्तींतील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष घ्यावी. 48 वें कलम सांगतें कीं, अटक झाल्याची खबर आप्तास किंवा मित्रास दिलीच पाहिजे. 1996 सालीं डी. के. बसू खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच बजावून ठेवलें होतें. म्हणजे आईचें ‘पाटलाले संगं घेऊन’ हें अक्षरशः कायद्याला धरून होतें! ज्याला अटक म्हणतात ती गोष्ट ह्या देशांत कोणाला न सांगतां करतांच येत नाहीं. ‘कोणाला सांगूं नका’ हें वाक्य ज्या क्षणीं उच्चारलें गेलें त्याच क्षणीं समोरचा मनुष्य पोलीस नव्हे हें सिद्ध झालें होतें. तेवढें ओळखण्यास इंग्रजी वाङ्मयाची पदवी लागत नाहीं. दोन महिन्यांनीं, 27 ऑक्टोबर रोजीं, पंतप्रधानांनीं ‘मन की बात’ ह्या भाषणांत अशी अटक कायद्यांत नाहींच असें साऱ्या देशास सांगितलें. आई रेडिओजवळच बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं. नुसती आमच्याकडे पाहत राहिली.

ठग ह्या शब्दाला इंग्रजी कोशांत जागा मिळाली तिला दोन शतकें होत आलीं. निजामाच्या नोकरींतील फिलिप मेडोज टेलर ह्या अधिकाऱ्यानें ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 सालीं प्रसिद्ध केली. तेव्हां आमचें वऱ्हाडही निजामाच्याच राज्यांत होतें. त्या काळचा ठग वाटसरूंच्या मेळ्यांत सामील होई, त्यांच्याबरोबर जेवी, गप्पा मारी, आणि विश्वास बसल्यावर रुमाल काढी. आजचा ठग ह्याच्या नेमकें उलट करतो. तो आपल्या मेळ्यांत शिरत नाहीं, आपल्याला मेळ्यांतून बाहेर काढतो. त्याच्यावर विश्वास बसण्याची त्याला फारशी गरज नसते. आपला आपल्या माणसांवरचा विश्वास दोन तास स्थगित झाला म्हणजे त्याचें काम होतें. येथें एक गोष्ट न्यायास धरून सांगितली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानें ऑगस्ट 2023 मध्यें असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, नोकरीच्या आमिषानें नेऊन अशा फसवणुकीच्या कामास जबरीनें जुंपलेलीं माणसें म्यानमारमध्यें किमान 1,20,000 आणि कंबोडियांत सुमारें 1,00,000 असावींत. त्यांत भारतीयही होते. आमचा पहारेकरी त्यांपैकीं होता कीं स्वखुषीचा चोर होता, हें आम्हांस कळण्याचा मार्ग नाहीं. पण कधीं कधीं मनांत येतें, कीं आम्ही पावणेतीन तास कैदेंत होतों, तो कदाचित् कैक महिने असेल. आणि त्यालाही कोणीतरी आईला सांगूं नकोस म्हणून बजावलें असेल.

आईला आमच्या तोंडाकडे पाहून कसें कळलें, हें आम्हीं तिला पुष्कळ दिवसांनीं विचारलें. तिचें माहेर दारव्हा तालुक्यांतलें. तिच्या वयाच्या नवव्या वर्षीं तिच्या बापानें बियाण्यासाठीं सावकाराकडून रक्कम घेतली आणि कोऱ्या कागदावर अंगठा दिला. आंकडा मागाहून भरला गेला. हें त्यानें बायकोला सांगितलें नाहीं, भावाला सांगितलें नाहीं. वर्षभर तो रात्रीं ओसरीवर नुसता बसून राही. पावणेसात एकर काळी जमीन गेली त्या दिवशींच घराला सगळें कळलें. ‘मले सावकाराचं तोंड याद नाई,’ आई म्हणाली, ‘बापाचं हाय.’ त्या दुपारीं ती पाणी प्यायला उठली, आणि खिडकींतून तिला तेंच तोंड दिसलें.

कागदावर माणसाच्या हाताचा ठसा घेण्याची शक्कल ह्या देशांत इंग्रजी अमलांत विल्यम हर्शेल ह्यानें 1858 सालीं बंगालमध्यें काढली. एका कंत्राटदारानें पुढें सही नाकारूं नये म्हणून त्याला दहशत बसावी, एवढाच त्याचा प्रारंभीं हेतु होता. त्या ठशाचें पुढें शास्त्र झालें, दहशत राहिलीच. आज मोबाईलवर येणारे ओटीपीचे सहा आंकडे म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठाच होय. आकडा दुसरा कोणी भरतो, कबुली आपली असते. आणि खराखुरा अंगठाही आतां आधारच्या यंत्रावर पैसे देतो. म्हणून त्याला कुलूप घालण्याची सोय आधारच्या ॲपमध्येंच केलेली आहे. आम्हीं आईच्या अंगठ्याला तें कुलूप घातलें तेव्हां तिला फार समाधान वाटलें. बापाच्या वेळीं असें कांहीं असतें तर, एवढेंच ती म्हणाली.

येथवर लिहून झाल्यावर आमच्या ध्यानांत येतें कीं, लपविण्याची कला आम्हां सुशिक्षितांना येत नाहीं असें नव्हे. ती आम्ही भलत्या ठिकाणीं खर्च करतों. जें प्राणांतींही सांगूं नये तें आम्ही वाटेल त्याला सांगतों. आमच्या विभागांतील संगणकाचा परवलीचा शब्द टेबलाच्या कांचेखालीं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला असे, आणि शिपायापासून पाहुण्यापर्यंत सर्वांना तो पाठ होता. आमच्या आधारपत्राच्या किती प्रती दत्त चौकापासून बसस्थानकापर्यंतच्या झेरॉक्सच्या दुकानांत विखुरल्या असतील ह्याची गणती नाहीं. मग तिसऱ्या हुद्देदाराला तो क्रमांक तोंडपाठ होता ह्याचें नवल कसलें?

परक्याच्या हातीं किल्ली गेली म्हणजे काय होतें, ह्याचा एक दाखला आमच्याच जिल्ह्यानें साऱ्या देशाला दिला. आर्णी तालुक्यांत शेंदुरसनी नांवाचें गांव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. 2025 च्या डिसेंबरांत असें उघडकीस आलें कीं, अवघ्या तीन महिन्यांत त्या ग्रामपंचायतीच्या नांवें जन्म-मृत्यु-नोंदणीच्या संगणकांत 27,000 हून अधिक जन्म नोंदले गेले होते! गुन्हा दाखल झाला, शासनानें विशेष तपास पथक नेमलें; कोणीं, कसें व कशासाठीं, ह्यांचा निवाडा न्यायालयाचा आहे, आमचा नव्हे. आम्हांस त्यांतली शांतता विलक्षण वाटते. दीड हजारांच्या गांवीं सत्तावीस हजार पाळणे हलले, आणि गांवांत एकाही आळींत बारशाच्या घुगऱ्या वाटल्या गेल्या नाहींत. लोक कापूस वेंचीत होते. कोणाचें दार फुटलें नाहीं, कोणाचें कुत्रें भुंकलें नाहीं. जुन्या चोरीला निदान आवाज तरी होता.

हें झालें सांगूं नये त्याविषयीं. सांगावें त्याविषयीं आमची कहाणी याहून लाजिरवाणी आहे.

खाकी मनुष्य निघून गेला हें आईनें पाहिलें. त्याच्याबरोबर अठ्ठेचाळीस हजार गेले हें तिला ठाऊक नव्हतें. तें आम्हीं गिळलें. सौभाग्यवती अमरावतीहून आल्या, त्यांनाही सांगितलें नाहीं. ह्याचें कारण दोन वर्षांपूर्वींचें होतें. आज रात्रीं साडेनऊला वीज तोडण्यांत येईल, असा एक संदेश त्यांच्या मोबाईलवर आला होता आणि त्या भानगडींत त्यांचे सहा हजार दोनशें रुपये गेले होते. त्या प्रसंगीं आम्हीं तीन दिवस व्याख्यान दिलें. विवेक, सावधानता, स्त्रियांचा भोळेपणा, वृत्तपत्र न वाचण्याचे दुष्परिणाम असा कोणताही मुद्दा आम्हीं वगळला नाहीं. ज्या व्यासपीठावर आपण इतके गर्जलों त्याच व्यासपीठावर आरोपी म्हणून उभें राहणें कठीण असतें. पांच रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. जो मनुष्य केव्हांच निघून गेला होता त्याची आज्ञा आम्ही अजून पाळीत होतों.

सहाव्या दिवशीं पोळा होता. पाटावर मातीच्या बैलांची पूजा झाली, पुरणाचा नैवेद्य झाला, आणि मग आम्हांस राहवेना. पाटावर दोन बैल होते. तिसरा समोर उभा राहून कबुली देऊं लागला. आम्ही व्याख्यानाची वाट पाहत होतों. सौभाग्यवतींनीं ताटें मांडलीं. ‘आधीं जेवून घ्या,’ त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानें, वाढतां वाढतां, ‘माझे पैसे गेले तेव्हां मीही चार दिवस सांगितलं नव्हतं. तुम्हांला कळलं तें पासबुकावरून.’ ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. व्याख्यानाच्या भरांत आम्हीं ती विचारलीच नव्हती.

जेवण झाल्यावर 1930 ह्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीनें फार सौजन्यानें पहिला प्रश्न विचारला : ‘किती वाजतां घडलं?’ सहा दिवस झाले म्हटल्यावर ती क्षणभर थांबली. रक्कम पहिल्या खात्यांत असेतों ती गोठवितां येते. परंतु चोर ती भाड्यानें घेतलेल्या खात्यांतून घटकेंत इकडून तिकडे फिरवितात आणि मग माग राहत नाहीं. म्हणून तेथें दिवस विचारीत नाहींत, तास विचारतात. आमचे पैसे आले नाहींत. रिझर्व्ह बँकेचें जुलै 2017 चें एक परिपत्रक तेव्हां होतें : दोष तिसऱ्याच कोणाचा असेल आणि ग्राहकानें कामाच्या तीन दिवसांत कळविलें तर त्याच्यावर भार पडत नसे. परंतु आपल्याच हातानें दिलेल्या दक्षिणेला हा नियम लागत नसे. अठ्ठेचाळीस हजारांचें दुःख आतां ओसरलें आहे.

जें ओसरलें नाहीं तें पुढचें आहे. त्याच रात्रीं पुण्याला वसतिगृहांत राहणाऱ्या आमच्या मुलीला आम्हीं फोन करून सर्व हकीकत सांगितली. थोडी विनोदी करून सांगितली. ती हंसली नाहीं. बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ती म्हणाली, ‘बाबा, मलाही एक सांगायचं आहे. रागावूं नका.’ दोन महिन्यांपूर्वीं कोणा अनोळखी माणसानें तिचें एक छायाचित्र उचलून, यंत्राच्या साह्यानें त्याचें अश्लील सोंग बनवून तिच्याकडे पाठविलें होतें आणि पैसे मागितले होते. तिनें खाणावळीच्या पैशांतून तीन हजार दिले. त्यानें पुन्हां मागितले. खोलींतल्या मैत्रिणीला तिनें सांगितलें होतें, आम्हांस नव्हे. त्या माणसानें तिला ‘घरीं सांगूं नकोस’ म्हणून बजावलें होतें का, असें आम्हीं विचारलें. नाहीं, म्हणाली. बजावण्याची त्याला गरजच नव्हती. तें काम आम्हीं तिच्या लहानपणापासून करून ठेवलें होतें. काचेचा पेला फुटला तेव्हां, गणितांत गुण कमी पडले तेव्हां, आईच्या सहा हजारांच्या वेळीं ती भिंतीआड बसून ऐकत होती तेव्हां.

आम्ही दोघे रात्रीच्या बसनें पुण्यास गेलों. तक्रार नोंदविली, पैसे देणें थांबविलें, संदेश पुसून न टाकतां पुरावा म्हणून ठेविले. मैत्रिणीनें एक मार्ग आधींच शोधून काढला होता, त्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. स्टॉप-एनसीआयआय नांवाची एक व्यवस्था डिसेंबर 2021 पासून चालूं आहे. तींत चित्र कोणालाही पाठवावें लागत नाहीं. आपल्याच मोबाईलवर त्या चित्राचा एक आंकडेवारी ठसा निघतो, तेवढा ठसा मोठ्या समाजमाध्यम-कंपन्यांकडे जातो, आणि तशा ठशाचें चित्र कोणीं चढवूं लागला तर ओळखलें जातें. ठसा असा उपयोगीं पडलेला आम्हीं प्रथमच पाहिला. तो मनुष्य पुढें गप्प झाला. पण आमच्या मनांतून ते दोन महिने जात नाहींत. आम्ही रोज रात्रीं तिला फोन करीत होतों, जेवलीस का विचारीत होतों, आणि ती जेवलें म्हणत होती.

त्या दिवाळींत ती घरीं आली तेव्हां आणखी एक ठराव झाला. हल्लीं माणसाच्या आवाजाचीं कांहीं क्षणांचीं ध्वनिमुद्रणें मिळालीं तरी यंत्र त्या आवाजांत वाटेल तें बोलतें, असें तिनें आजीला समजावून सांगितलें. उद्यां कोणी नातीच्या आवाजांत रडून पैसे मागितले तर ओळखावें कसें? तेव्हां घरापुरता एक परवलीचा शब्द असावा, आणि तो कोठेंही लिहूं नये, असें ठरलें. सौभाग्यवतींनीं दोन नांवें सुचविलीं, आम्हीं कालिदासांतलें एक सुचविलें. तें कोणाच्या लक्षांत राहीना. अखेर आईनें एक शब्द दिला. तिच्या बापाच्या, त्या पावणेसात एकरांत चालणाऱ्या, जोडींतल्या डाव्या बैलाचें तें नांव होतें. तो शब्द कोणता, हें अर्थातच येथें सांगतां येत नाहीं.

हा लेख धाडण्यापूर्वीं सौभाग्यवतींना वाचावयास दिला. येथपर्यंत वाचून त्यांनीं कपाळावर हात मारला, आणि काल संध्याकाळीं घरांतला शब्द बदलण्यांत आला.